वैजू, ते शेवटचं पान

वैजू,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर चार शब्द लिही, असं निखिल म्हणाला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. त्याला वाटलं असणार, बायकोची एवढी जिवलग मैत्रीण, छान लिहील. मलाही तसंच वाटलं होतं. पण तेराव्याला तुझ्या घरी मोरिता-सान आल्या, तुझ्या पुस्तकाच्या संपादक, आणि हळू आवाजात, रुमाल डोळ्यांना लावत त्यांनी एक गोष्ट सांगितली. तेव्हापासून मी चांगले शब्द शोधतेय आणि प्रत्येक वेळी तोंडात भांडणच येतंय. तर भांडणच लिहिते. तू गेलीस म्हणून मी गोड बोलायला लागेन, अशी अपेक्षा तूही करणार नाहीस.

तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तो दिवस आठव. रेवा सहा वर्षांची होती. ती बोलत नव्हती. आज नऊची आहे, अजूनही बोलत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली फतकल मारून ती बाटल्यांची वेष्टनं सोलत बसली होती. इथे जपानात कचऱ्यात बाटली अशीच टाकून चालत नाही. झाकण वेगळं, वेष्टन वेगळं, बाटली धुऊन वेगळी. वेष्टनाला बारीक भोकांची एक रेघ असते, तिथून ओढलं की ते चर्रकन सुटतं. रेवाला तो आवाज आवडतो, की ते सुटणं आवडतं, की नंतरची उघडी, स्वच्छ बाटली आवडते, मला माहीत नाही. ती तासन्‌तास सोलते एवढं खरं. 

आमच्याकडे येणारी माणसं तिच्यासमोर उकिडवी बसायची. हनुवटी धरायची. "नाव काय तुझं? माझ्याकडे बघ ना! काकूवर रागावलीस?" गणपतीला तर रांगच लागायची अशा काकूंची. तू आलीस, चपला काढल्यास आणि तिच्यासमोर नाही, तिच्या शेजारी बसलीस. एक बाटली उचललीस आणि सोलायला लागलीस. तुझी वाढलेली नखं मध्ये येत होती, वेष्टन फाटत होतं. रेवाने तुझ्या हातातून बाटली घेतली, नीट सोलली आणि तुला दुसरी दिली. माझा चहा उकळून उतू गेला तरी मी तुमच्याकडेच बघत उभी होते.

"मेधा, चहा," तू म्हणालीस. "आणि अजून बाटल्या असतील तर दे. आमचं चांगलं चाललंय."

इथल्या मराठी लोकांच्या बोलण्यात तू क्योतोची. पुण्याहून तिथे पीएचडी करायला आलीस, लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत ऑटिझम असलेली मुलं कशी काढतात यावर. निखिलला तोयोसुच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून तुम्ही इकडे कोतो वॉर्डात राहायला आलात, आमच्यापासून सायकलने दोन सिग्नलवर. तुझ्या सायकलच्या टोपलीत कायम पुस्तकं. ती आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरून तू मला दाखवायचीस, आणि दाखवताना तुझा जो संताप व्हायचा तो बघण्यासारखा असायचा.

"हे बघ. मुलगा. नेहमी मुलगाच. खिडकीपाशी उभा. नेहमी खिडकीच. आपल्याकडे पाठ. सगळं चित्र निळं, म्हणजे बिचारा किती एकटा ते आपल्याला कळावं. गोष्ट सांगतेय कोण? त्याची ताई. तो स्वतः एक अक्षर सांगत नाही. मग काहीतरी हरवतं, किंवा वर्गाची शर्यत असते, आणि ह्याला नकाशा नाहीतर आकडे तोंडपाठ असतात, म्हणून तो सगळ्यांना वाचवतो. टाळ्या. म्हणजे काय, उपयोगी पडलास तर ये आमच्यात! आणि शेवटच्या पानावर बघ, शेवटच्या पानावर तो मिठी मारतो. नाहीतर बोलतो. नाहीतर पहिल्यांदा डोळ्यांत बघून हसतो. सगळं पुस्तकभर पोराला समजून घ्यायचं नाटक करायचं आणि शेवटच्या पानावर त्याला दुरुस्त करून घरी पाठवायचं!"

याला तू 'शेवटच्या पानाचा रोग' म्हणायचीस. पुढे पुढे आपण दोघी दुकानात जाऊन नवीन पुस्तक उचलायचो ते थेट मागून उघडायचो. "आहे का?" "आहे, झालाय." आणि दोघी खिदळायचो. दुकानातली मुलगी आपल्याकडे कशी बघायची ते आठवतंय ना.

तू भेटायच्या आधी मी त्याच पुस्तकांवर रडायचे. हे तुला सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस. म्हणालीस, "रडू येणारच. तशीच बेतलेली असतात ती. पण पुस्तक मिटल्यावर रेवाकडे बघतेस तेव्हा मनात काय येतं?"  घरी एकटी असताना कळलं. मी वाट बघत होते. माझी मुलगी माझ्यासमोर बसलेली असताना मी दुसऱ्याच कुठल्या तरी मुलीची वाट बघत होते, जी एक दिवस शेवटच्या पानासारखी उगवणार होती. ती वाट बघणं तू थांबवलंस. निदान कमी केलंस. नवऱ्याला, समीरलाही, जे सांगता येत नव्हतं ते मला तुझ्यामुळे त्याच्याशी बोलता आलं. तुझे उपकार मी विसरलेले नाही वैजू. विसरले असते तर राग एवढा आला नसता.

मग आपले बुधवार सुरू झाले. गुरुवारी बाटल्यांचा कचरा जायचा, म्हणून बुधवारी दुपारी तू तुमच्या मजल्यावरच्या बाटल्यासुद्धा गोळा करून आणायचीस. शेजारच्या आजींना तू काय सांगितलं होतंस देव जाणे, त्या धुऊन, पुसून, पिशवीत भरून दाराबाहेर ठेवायच्या. रेवाचा एक नियम होता, सोललेली बाटली चेपायची नाही. कचऱ्याच्या नियमाप्रमाणे चेपायला हवी, पण आमच्या घरात रेवाचा नियम चालायचा, त्यामुळे आपली पिशवी म्हणजे एक अवाढव्य फुगा व्हायची. ती घेऊन आपण लिफ्टने खाली जायचो आणि कचऱ्याच्या खोलीचं दार लावून घेऊन दोघी मिळून बाटल्या पायांखाली चिरडायचो. "रेवाला सांगायचं नाही हं," तू कुजबुजायचीस, ती वर आठव्या मजल्यावर असताना. "गद्दार आहोत आपण." मी हसून हसून भिंतीला टेकायचे. तेव्हा मला ते विनोदी वाटायचं.

पुस्तक काढायचं ठरवलंस तेव्हा तू आधी रेवाला विचारलंस. तोंडाने नाही. कच्ची चित्रं तू तिच्या आजूबाजूला जमिनीवर ठेवून दिलीस आणि बाटल्या सोलायला बसलीस. काहींवरून ती चालत गेली. काही तिने उचलून टेबलाखाली सारली. गोष्ट साधी होती. रिन नावाची मुलगी बाटल्या सोलत बसते. शेजारी नवीन राहायला आलेली एक बडबडी मुलगी तिच्याकडे येते, बोलते, बोलते, खूप बोलते, मग दमते आणि शेजारी बसून तीही सोलायला लागते. शेवटच्या पानावर दोघी पाठमोऱ्या, मध्ये उन्हात चमकणाऱ्या उघड्या बाटल्या. शब्द एकही नाही. ते चित्र रेवाने उचललं आणि तिच्या सोललेल्या बाटल्यांच्या ओळीत नीट ठेवलं. 

"पास झालं," तू म्हणालीस, आणि तुझे डोळे भरून आले. पाठमोरी, पण एकटी नसलेली मुलगी. खिडकी नाही, निळा रंग नाही, टाळ्या नाहीत. मी म्हटलं, "वैजू, हे पुस्तक मी मरेपर्यंत जपून ठेवेन." तू म्हणालीस, "मरायची भाषा कशाला, आधी छापून तर येऊ दे."

आता त्या बाकाचं सांगते. हे कुणाला सांगायचं नव्हतं, पण तू ते आधीच जगाला सांगून टाकलंस, तेव्हा आता लपवून काय करू. चित्रांचं काम चालू होतं. रेवा शाळेत होती. आपण तोयोसुच्या पाण्याकाठच्या बाकावर कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून आणलेले ओनिगिरी, भाताचे गोळे, खात बसलो होतो. समोरून एक अगदी छोटी मुलगी धावत आली आणि तिने आईला हाक मारली. साधी हाक, जशी जगातली सगळी मुलं मारतात. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एकदा. फक्त एकदा रेवाने आई म्हणावं. मग जन्मभर गप्प राहिली तरी चालेल मला."

बोलले आणि लाज वाटली. एवढं सगळं शिकून, एवढं सगळं समजून पुन्हा तेच. तू ओनिगिरीच्या कागदाची घडी घालत बसलीस. मला वाटलं, किती बरं झालं, हिने समजूत घातली नाही, उपदेश केला नाही, ऐकलं आणि सोडून दिलं. अशी मैत्रीण लाखात एक. 

तू सोडून दिलं नव्हतंस.

वसंतात पुस्तक छापून आलं. तू ते रेशमी रुमालात बांधून आणलंस. मी हात धुतले, पुसले, खुर्चीवर नीट बसले. आपल्या सवयीप्रमाणे मागून उघडलं नाही, कारण हे पुस्तक तुझं होतं. एकेक पान उलटत गेले. बाटल्या, ओटा, आमच्या फरशीच्या कोपऱ्यातला तुटका तुकडासुद्धा तू काढला होतास. बडबडी मुलगी आली, दमली, बसली. मग शेवटचं पान.

रिन वळली आहे. तोंड आपल्याकडे, डोळे मोठे, थेट आपल्या डोळ्यांत. हातातली बाटली गळून पडली आहे. दारात तिची आई उभी, दोन्ही हात तोंडावर, आणि कानात माझ्यासारखेच मोत्यांचे डूल. बडबडी मुलगी कुठेच नाही. वर मोठ्या अक्षरांत एकच शब्द, रिनच्या तोंडचा. आई.

"वैजू, हे काय आहे?"

तू ओट्याकडे वळलीस, चहाचं आधण ठेवलंस. "अगं काय करणार. छापणाऱ्यांचं चालतं. नाहीतर पुस्तकच निघालं नसतं."

मग मी त्या छापणाऱ्यांचा जो उद्धार केला तो तू ऐकलास. सगळा ऐकलास. मधून मधून मान हलवलीस. मी म्हटलं, त्यांना काय कळतंय, विकायचं आहे त्यांना, तू एकटी परदेशी बाई, पहिलंच पुस्तक, किती भांडशील. मी तुझी समजूत घातली वैजू! तुझ्या हातावर हात ठेवून म्हटलं, "जाऊ दे, बाकीचं पुस्तक तर आपलं आहे." आणि तू तो हात ठेवून घेतलास.

पुढचं तुला माहीत आहे, पण पुन्हा ऐक. रेवाच्या शाळेत सकाळच्या वेळी पालक येऊन वर्गात पुस्तक वाचून दाखवतात. तू त्या शाळेत मूल नसतानाही जायचीस, माझ्या ओळखीने. तू तुझं पुस्तक वाचलंस, ज्या वर्गात रेवा आठवड्यातले काही तास बसते त्याच वर्गात. नाव रिन ठेवलंस म्हणून काय झालं, दोन वेण्या आणि बाटल्या बघून कुणाला कळणार नाही? दुसऱ्या दिवसापासून युई नावाची मुलगी, गोड मुलगी, रेवाची बॅग उचलून देणारी, रेवासमोर उकिडवी बसायला लागली. इथे 'व' म्हणता येत नाही, रेवाची रेबा होते. "रेबा-चान, आई म्हण ना. एकदाच." रोज. तिच्या मागे आणखी दोघी. त्यात वाईटपणा नव्हता. त्या वाट बघत होत्या. पुस्तकात शेवटी बोलते, म्हणजे हीपण बोलणार. रेवा कानांवर हात ठेवायची, मग टेबलाखाली जायची, मग शाळेत जायच्या वेळी तिने बूट घालणं सोडलं. तिच्या बाईंनी मला कौतुकाने सांगितलं, "मुलं रेबा-चानच्या पहिल्या शब्दाची फार आतुरतेने वाट बघताहेत."

हे मी तुला आमच्या लिफ्टपाशी सांगितलं. तू म्हणालीस, "मुलं आहेत ग, विसरतील."

मी म्हटलं, "तू पुन्हा जा वर्गात. सांग त्यांना की ते पान खोटं आहे."

"खोटं कसं म्हणू? माझंच पुस्तक आहे."

"तुझं कुठे? ते पान तर त्यांचं आहे ना?"

तू माझ्याकडे बघितलंस. काहीतरी म्हणणार होतीस. लिफ्ट आली. "बुधवारी बोलू," म्हणालीस आणि आत गेलीस. दार बंद होताना तू हसलीस, ते हसू कसलं होतं हे मी आता रोज उलगडत बसते. बुधवार आला, पण तू आली नाहीस. मंगळवारी निखिलचा फोन आला होता.

तेराव्याच्या दिवशी निखिलने पुण्याच्या गुरुजींना लॅपटॉपवर बसवून सगळं यथासांग केलं. तुझ्या फोटोला पांढरी शेवंती. मोरिता-सान काळ्या कपड्यांत आल्या, गुडघे मोडून बसल्या, तुझ्या फोटोसमोर खूप वेळ हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या आई?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "आम्हाला सगळ्यांना खरं तर पाठमोऱ्या मुलींचं चित्रच आवडलं होतं. तेच छापायचं ठरलं होतं. वैजयंती-साननी अगदी शेवटी येऊन विनंती केली की बदलू या. त्या म्हणाल्या, या मुलीच्या आईला मनातून हेच हवं आहे, तिने मला स्वतः सांगितलंय, मला हे पान तिला भेट द्यायचंय. आम्ही त्यांचं मन मोडू शकलो नाही. तुम्हाला आनंद झाला असेल ना?"

आणि वैजू, एवढी वर्षं इथे राहून तोंडाला जी सवय लागली आहे तिने माझा घात केला. मी खाली वाकले आणि त्यांचे आभार मानले.

म्हणजे मी तुला माफ केलं ते नसलेल्या गोष्टीसाठी. जी गोष्ट होती ती तू मला सांगितलीच नाहीस. मी बिचाऱ्या मोरिता-सानना माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून शिव्या घातल्या आणि तू चहा गाळत होतीस. शेवटच्या पानाचा रोग म्हणून ज्याच्यावर तू वर्षानुवर्षं लिहिलंस, भाषणं केलीस, मला हसायला शिकवलंस, तो तू जाणूनबुजून, कुणी जबरदस्ती न करता, स्वतःच्या हाताने माझ्या मुलीला लावलास. दुसऱ्या कुणी केलं असतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. तू केसाने गळा कापलास. 

मी निखिलला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. तो म्हणाला, "ते पान काढताना ती रडली होती. म्हणाली, मेधासाठी आहे. शोधनिबंधात काय लिहायचं ते मला कळतं, पण मेधाला काय द्यायचं तेही कळतं." बायकोची आठवण म्हणून सांगितलं त्याने. त्याला काय माहीत, मी आतल्या आत कशी पेटले होते. 

माझ्यासाठी! मला भेट दिलीस आणि किंमत रेवाकडून घेतलीस. जिच्या शेजारी बसलीस तिला सोडून माझी बाजू घेतलीस. आणि त्यातही दुखणारी गोष्ट ही की तू मोरिता-सानना खोटं सांगितलं नव्हतंस. ती इच्छा होती. आहे. आजही कधी रस्त्यात कुणा मुलीची हाक ऐकली की मी वळून बघते. पण ती माझी आहे, मी ती कुठेतरी खोल ठेवून दिली आहे, रेवाला तिचं ओझं होऊ नये म्हणून. ती मी तुला बाकावर सांगितली होती. छापायला दिली नव्हती.

भांडायला तरी थांबायचं होतंस. मी ओरडले असते, तूही ओरडली असतीस. "तुला नको होतं का ते पान? छातीवर हात ठेवून सांग!" असं म्हणाली असतीस, मला माहीत आहे. मग मी रडले असते, तू रडली असतीस, आणि कदाचित आपण दोघी मिळून युईच्या वर्गात गेलो असतो. आता हे दोन्ही बाजूंचं भांडण मला एकटीलाच भांडावं लागतंय, आणि तुझी बाजू मांडताना मीच हरते. हा पण तुझाच अन्याय.

मोरिता-साननी जाताना एक विनंती केली. वॉर्डाच्या वाचनालयात मुलांच्या खोलीत तुझ्या आठवणीचं वाचन ठेवलंय, तुझं पुस्तक मी वाचावं. मी नाही म्हणू शकले नाही. वाचायला तूच तर शिकवलं होतंस. पुस्तक छातीशी, तोंड मुलांकडे. आवाज काढायचे नाहीत, नाटक करायचं नाही. लिहिलेलं एक अक्षर बदलायचं नाही. शेवटी पुस्तक मिटून मलपृष्ठ दाखवायचं. काय शिकलो म्हणून विचारायचं नाही. "पुस्तकाला त्याचं पूर्ण बोलू द्यायचं," तू म्हणायचीस, "आपण मध्ये पडायचं नाही."

सरावासाठी मी घरातली आमची प्रत काढली. रेवाच्या हातात ती सतत असायची, मला वाटलं होतं तिला पुस्तक आवडतं. पहिली पानं कापडासारखी मऊ झाली आहेत, कोपऱ्यांवर तिच्या बोटांचे डाग, बाटल्यांच्या पानावर तर रंगही उडालाय. शेवटचं पान मात्र कोरं करकरीत. दुकानातून आणल्यासारखं. उघडताना कडकन वाजलं. तिने ते एकदाही उघडलेलं नाही, की एकदाच उघडून पुन्हा उघडलं नाही? ते पान तिला दुखलं, की फक्त त्यात सोललेल्या बाटल्या नाहीत म्हणून नको झालं? मला माहीत नाही, आणि मी अंदाज करणार नाही. तिच्या तोंडी शब्द घालायचं काम तू एकदा केलंस, तेवढं पुरे.

शनिवारी सकाळी वाचनालयात गेले. सतरंजीवर मुलं, मागे निखिल, बाजूला मोरिता-सान. पहिल्या ओळीत युई. रेवाला मी आणलं नव्हतं, ती समीरबरोबर घरी होती. मी वाचलं, तू शिकवलं होतंस तसंच. माझ्या जपानीला आपल्या पुण्याचा वास येतो, पण मुलं शांत होती. बडबडी मुलगी दमली. रिनच्या शेजारी बसली. तिने बाटली उचलली. मी पान उलटायला बोट घातलं.

आणि पान उलटलं नाही. सगळं पुस्तकच मिटलं आणि फिरवून मलपृष्ठ दाखवलं. तिथे तू एक उघडी बाटली काढली आहेस, नुसती, उन्हात. ते तरी तसंच ठेवलंस, त्याबद्दल आभार.

युईने हात वर केला. "एक पान राहिलं."

"हो," मी म्हटलं. "राहिलं."

 मग तिने हात खाली घेतला. निखिल बाहेर मला म्हणाला, "मेधा, ते वाचायला हवं होतंस ग. तिचं फार आवडतं पान होतं." मी म्हटलं, "माहीत आहे मला." तो दुखावला. मी त्याला आणखी काही सांगितलं नाही. हा लेख तो वाचेल तेव्हा कळेलच. मला माफ कर निखिल, पण चार चांगले शब्द मला एवढेच जमले.

वैजू, तू गेल्याचं मी रेवाला सांगितलं. सोप्या शब्दांत, तुझा फोटो हातात देऊन. वैजूमावशी आता येणार नाही. तिने फोटो टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवला आणि बाटल्यांकडे गेली. मला वाटलं, कळलं नाही. बुधवार आला. तिने तिच्या बाटल्या मांडल्या आणि त्यातली एक, जवाच्या चहाची, जिची वेष्टनाची रेघ रुंद असते म्हणून तुझ्या नखांना ती सोपी जायची, ती उचलून ओट्याखाली तुझ्या जागेवर ठेवली. बाकी सगळ्या सोलल्या. ती सोलली नाही. मी कचऱ्यासाठी उचलायला गेले तर तिने माझा हात धरून बाजूला केला, शांतपणे, आणि बाटली पुन्हा तिथेच ठेवली. पुढच्या बुधवारी तिच्या शेजारी आणखी एक. ओट्याखाली तुझ्या बाटल्यांची ओळ वाढते आहे, सगळ्यांची वेष्टनं शाबूत. मी आता त्यांना हात लावत नाही.

इतके बुधवार तू तिच्या शेजारी बसलीस. ती बोलत होती ग. तुला ऐकू येत नव्हतं का?